उचकीची गोळी

१

पानापाची उचकी मंगळवारी सकाळी थांबली, पण पानापा काही उठला नाही.

तीन दिवस ती उचकी चालली होती. पानापा म्हणजे फागालेवा गावाचा वक्ता. गावसभेत सरदारांच्या वतीने बोलायचा मान त्याचा, आणि येत्या शनिवारी नव्या चर्चच्या उद्घाटनाला त्याचं भाषण. असा माणूस दर चार शब्दांनी हुचकायला लागला तर पंचाईतच. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. या म्हाताऱ्याची आठवण सगळं सवाई बेटच काढत असावं. पाणी पाजून झालं, पाठीत धपाटे घालून झाले. शेवटी सोमवारी सकाळी गावच्या दवाखान्यातल्या नर्सने, फुआतिनोने, रेडिओवरून डॉक्टरला विचारून गोळी सुरू केली. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी बायकोने हलवलं तर अंग घामाने निथळत होतं आणि डोळे फिरलेले. रक्तातली साखर तळाला गेली होती. पानापाला साखरेचा आजार कधीच नव्हता.

समुद्रापलीकडे, राजधानी अपियातल्या आमच्या कचेरीत ही बातमी दुपारी आली. मी आउकुसो, आरोग्य खात्याचा औषध निरीक्षक. मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुला जन्मतःच मुंग्या चावल्यात.

साहेबांनी मात्र बसल्या जागी निकाल लावला. "सरळ आहे रे. उचकीची गोळी क्लोरप्रोमाझिन, साखरेची गोळी क्लोरप्रोपामाइड. दोन जुळ्या बहिणी! पोरीने रेडिओवर एक ऐकलं आणि दिली दुसरी. हे निलंबनाचं पत्र घे, तिची सही आण आणि गुरुवारच्या बोटीने परत ये."

अशी दोन पत्रं मी याआधी पोचवली होती. दोन्हींत कारण तेच, 'नाव ऐकण्यात चूक'. दोन्ही वेळा मी कुणाला काही विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला लाज वाटते.

बुधवारी दुपारी बोटीच्या हेलकाव्यांनी पोट ढवळलेलं घेऊन मी फागालेवात उतरलो. पानापा दवाखान्यातल्या खाटेवर होता, हाताला साखरेच्या पाण्याची नळी. फुआतिनो त्याच्या उशाशी उभी होती. बावीस वर्षांची पोर, नोकरीला लागून चार महिने झालेले. डोळे सुजले होते, तरी नळीतले थेंब मोजायचं तिचं थांबलं नव्हतं.

"साहेब, मी बरोबर ऐकलं होतं," माझं नावही न विचारता ती म्हणाली.

"सगळेच असं म्हणतात, पोरी."

"म्हणत असतील. पण उद्या पहाटे माझे बाबा आणि काका पानापांच्या घरापुढे चटईखाली बसणार आहेत."

इफोगा म्हणतात आमच्याकडे त्याला. ज्याच्या हातून घात झाला त्याच्या घरची माणसं पहाटे येतात, डोक्यावर घराण्याची मऊ चटई पांघरतात आणि घात झालेल्या घरापुढे मान खाली घालून बसतात. घरातून कुणी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर उन्हात बसून राहायचं, आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तरी हलायचं नाही.

"तू त्यांना थांबवत का नाहीस?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, नाही बसलो तर मारामारी होईल. पण एकदा ते बसले की गुन्हा माझा ठरला, साहेब. तुमचं पत्र फाईलीत राहील. हे नातवंडांपर्यंत राहतं."

तिला पत्राचंही ठाऊक होतं. माझ्या हातात एक संध्याकाळ होती.

२

दवाखान्याच्या पडवीतला रेडिओ खरखरत होता. पलीकडे जिल्ह्याचे डॉक्टर लाफाएले. यांच्याच तोंडून चुकीचं नाव गेलं असेल आणि आता पोरीवर ढकलत असतील, असा माझा पहिला संशय. डॉक्टरांनी चूक केली की ती खाली घरंगळत नर्सपर्यंत येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"मी क्लोरप्रोमाझिनच म्हणालो," ते खेकसले. "आणि ती पोर माझ्यापेक्षा बरी! एकेक अक्षर सुटं करून तिने परत वाचून दाखवलं, वर विचारलं, उचकीचीच ना, साखरेची नाही ना? मी म्हटलं, बाई गं, उचकीचीच. माझ्या वहीत लिहिलंय."

"मग हे खात्याला का नाही कळवलंत?"

"खात्याने विचारलं कुठे? खात्याची तर थेट निलंबनाचीच तार आली. आणि हो, त्या दोन्ही गोळ्यांच्या बरण्या रिकाम्या करून टाकायला मीच सांगितलं. आणखी कुणाचा जीव धोक्यात नको."

मी कपाळावर हात मारला. ज्या बरण्या बघायला मी समुद्र ओलांडून आलो, त्याच रिकाम्या झाल्या होत्या.

कोठीवाला उइली मागच्या खोलीत होता. जाडा माणूस, घामाने डबडबलेला. त्याने खोल खण ओढून दाखवला. आत कॉफीच्या रिकाम्या बरण्या दाटीने उभ्या होत्या. वरून बघायचं म्हणून नावं झाकणांवर चिकटवलेली, वर रोगणाचा हात फिरवलेला. बरण्यांच्या अंगावर काहीच नाही.

"गोळ्या या बरण्यांत भरतं कोण?"

"मीच, मोठ्या डब्यांतून. महिन्याच्या एक तारखेला. पंधरा-सोळा दिवस त्याच बरण्यांतून गोळ्या गेल्या साहेब, कुणाला शिंकही आली नाही!"

"आणि काल तू त्या कुठे ओतल्यास?"

"समुद्रात."

"कुठल्या बरणीत काय होतं ते पाहिलंस?"

"नाही. डोळे मिटून ओतलं. भीती वाटत होती हो!"

डोळे मिटून! मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मोठ्या डब्यांतल्या गोळ्या मी तळहातावर घेतल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, एकाच आकाराच्या. साखरेच्या गोळीवर मधोमध एक बारीक रेघ, उचकीची गुळगुळीत. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. दोन्हींतल्या दोन-दोन मी कागदात बांधून खिशात टाकल्या.

"खण मात्र चकाचक ठेवलायस," मी म्हटलं. झाकणं नव्या नाण्यासारखी लखलखत होती.

"मी कुठला ठेवतो! शुक्रवारी पाहुणे यायचे होते ना दवाखाना बघायला. गुरुवारी महिला मंडळाने घासून काढलं सगळं. भिंती, खाटा, बादल्या. मला तर उंबऱ्याबाहेर हाकललं. पुरुषांची लुडबुड नको म्हणाल्या."

यात विशेष काही नव्हतं. आमच्या गावांत दवाखाना मंडळच बांधतं, मंडळच झाडतं, नर्सला जेवूही तेच घालतं. मंडळाच्या बायका घरोघरी फिरून कुणाची उशी मळकी आहे ते बघतात आणि दंड ठोकतात. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. डॉक्टरने बरोबर सांगितलं होतं, नर्सने बरोबर ऐकलं होतं, कोठीवाल्याने बरोबर भरलं होतं. तरीही गोळी चुकीची गेली होती.

३

पानापाची बायको मोएलागी हीच महिला मंडळाची अध्यक्ष. बिनभिंतीच्या त्या मोठ्या घरात ती खांबाला टेकून ताठ बसली होती. तीस वर्षं तिने गावच्या उशा तपासल्या. तिच्यापुढे चटईवर मांडी घालून बसताना माझा दुखरा गुडघासुद्धा गप्प बसला.

सुनेने कोको आणून ठेवला.

"काय चौकशी करायची ती करा," मोएलागी म्हणाली. "पण निकाल लागलाय. शहरात शिकून आलेल्या पोरी. गोळी देताना लक्ष आरशात."

"तिने डॉक्टरांना नाव परत वाचून दाखवलं होतं, बाई."

"मग माझा नवरा काय झोपेची हौस म्हणून पडलाय?" ती समोरचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली. "उद्या बसतील ते चटईखाली. उचलायची की नाही ते मी ठरवीन. माझा नवरा शुद्धीवर आला नाही तर..."

वाक्य तिथेच थांबलं. मी वाट पाहत राहिलो. तिची मान हळूहळू छातीवर आली आणि ती चक्क घोरायला लागली.

सून खुदकन हसली, मग जीभ चावली. तिने हलवल्यावर मोएलागी दचकून सावरली.

"नवरा दवाखान्यात पडल्यावर झोप कुणाला लागते?" ती रागाने म्हणाली. "रात्रीची राहिली असेल."

"रविवारी चर्चमध्येही पेंगलात की, सासूबाई," सून म्हणाली. "पाद्रीबुवा बघत राहिले. तेव्हा कुठे मामंजी पडले होते?"

"त्यांची उचकी झोपू देत होती का?"

"त्या उचकीतही घोरत होतात तुम्ही. उचकी आणि घोरणं, दोन्ही ऐकत आम्हीच जागे होतो!"

"तोंड आवर," मोएलागी म्हणाली आणि रिकामा तांब्या पुढे केला. "पाणी आण आणखी. घशाला नुसती कोरड पडलीय दोन-चार दिवस."

मी निरोप घेऊन उठलो. काहीतरी हाताशी येऊन निसटल्यासारखं वाटत होतं, आणि मी अर्ध्या रस्त्यात असतानाच शंख वाजला.

४

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की गावात कुणी चालायचं नाही. रस्त्याच्या तोंडाशी काठ्या घेऊन माणसं उभी राहतात. जो जिथे असेल त्याने तिथल्या घरात बसायचं. मी ज्या घरी अडकलो तिथे भजनाची पाच कडवी होती. उद्या पहाटे एका पोरीची अब्रू मातीत मिळणार आणि मी मांडी घालून भजन ऐकतोय! गुडघा ठणकत होता. बोटं चटईचे धागे उपसत होती. घरधनिणीने एकदा माझ्या हातावर चापटीही मारली.

पण पळता येत नाही म्हटल्यावर डोकं पळायला लागलं.

मोएलागी पेंगते. मोएलागी पाण्याला हपापलीय. दोन्ही गोष्टी रविवारपासून, म्हणजे पानापाने पहिली गोळी घ्यायच्या आधीपासून. उचकीच्या गोळीने माणसाला गुंगी येते, हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. आणि साखरेच्या रोग्याला त्याची गोळी मिळाली नाही तर काय होतं? तहान लागते. तहान, तहान आणि तहान.

शेवटचं आमेन होतं न होतं तोच मी धावत सुटलो.

"फुआतिनो! मोएलागीला साखरेचा आजार आहे?"

"आहे ना. शुक्रवारी दुपारीच दोन आठवड्यांच्या गोळ्या नेल्यात त्यांनी. त्याच खणातून दिल्या मी. का?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. "ऐक. सोमवारी उचकीच्या बरणीतून साखरेची गोळी निघाली. शुक्रवारी साखरेच्या बरणीतून उचकीची. रेडिओवर चुकीचं ऐकलं असतं तर एकच चूक झाली असती, तीही सोमवारी. शुक्रवारी तू रेडिओला हातही लावला नव्हतास. अशा दोन उलटसुलट चुका घडवणारी एकच गोष्ट आहे. बरण्यांची झाकणं बदलली होती."

"झाकणं? पण मी झाकणावरचं नाव तीन वेळा वाचलं, साहेब."

"आणि बरोबर वाचलंस. गुरुवारी तू कुठे होतीस?"

"वरच्या वाडीत, लशी टोचायला." ती थांबली. "आले तेव्हा सगळं घासलेलं होतं. किती छान दिसतंय, असंही म्हटलं मी त्यांना. पुन्हा उघडून बघायला हवं होतं का हो मी? पण मंडळाने केलेलं काम तपासायचं? अपमान झाला असता त्यांचा."

तेच तर! सगळ्या गावाला तपासणाऱ्याला गावात कुणी तपासत नाही. मी स्वतः दुपारी तेच ऐकून कान झटकले होते.

"पण पुरावा?" तिने विचारलं. "गोळ्या तर समुद्रात गेल्या. अध्यक्षीणबाईंवर नुसतं बोट दाखवलं तर बाबांना गाव सोडावं लागेल."

"पुरावा तिच्याच घरात आहे. तिची उरलेली पुडी."

आम्ही लगेच गेलो. सून पायरीवरच आडवी आली. सासूबाई गाढ झोपल्यात, हाका मारून थकले, आणि त्यांच्या उशाजवळच्या पेटीला हात लावायची माझी छाती नाही, म्हणाली. खानदानी घरात बळजबरी करायला मी काही पोलीस नव्हतो. "सकाळची गोळी मात्र देऊ नकोस," एवढं बजावून परतलो. डोळ्याला डोळा लागला नाही.

५

उजाडताना पोचलो तेव्हा उशीर झाला होता. घरापुढच्या खडीवर दोन माणसं बसली होती, डोक्यावर पिवळसर चटई, पुढे, हवं तर आम्हाला भाजा म्हणून, भट्टीची लाकडं आणि दगड ठेवलेले. चटईची झालर वाऱ्याने हलत होती. पानापाचा भाऊ ओट्यावर मुठी आवळून उभा होता आणि रस्त्यावर अख्खं गाव गोळा झालं होतं.

मोएलागी आत खांबापाशी बसली होती. मी वाकून तिच्यासमोर गेलो आणि खिशातला कागद उलगडला.

"बाई, ही रेघेची गोळी तुमची, साखरेची. ही बिनरेघेची उचकीची. तुमची पुडी काढता?"

"आता? बाहेर माणसं बसलीत."

"त्यांच्यासाठीच."

तिने पेटीतून पुडी काढली. वर फुआतिनोच्या टपोऱ्या अक्षरात साखरेच्या गोळीचं नाव. मोएलागीने एक गोळी तळहातावर ओतली, उलटी केली, उजेडाकडे धरली. मग दुसरी, मग सगळ्याच. एकीवरही रेघ नव्हती.

तिने त्या एकेक करून पुन्हा पुडीत भरल्या.

"झाकणं वाळू आणि चुन्याने घासली," शेवटी ती हळू आवाजात म्हणाली. "चटईवर वाळत घातली. बाकीच्या बायांनी गोळ्यांचे रंग बघून लावली. लाल, पिवळी, तपकिरी. दोन उरली. पांढऱ्या गोळ्यांची. त्या म्हणाल्या, फुआतिनोला येऊ द्या. मी म्हटलं, मला वाचता येतं, तिची काय गरज?" तिने पुडी घट्ट मुठीत धरली. "दोन्हींची सुरुवात सारखीच होती. पुढचं मी वाचलंच नाही."

मला तिची दया आली. खरंच आली. तीस वर्षांचा मान, नवरा खाटेवर, आणि तो तिच्याच हाताने. पेंगुळलेल्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती.

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?" तिने विचारलं.

"मला आणि फुआतिनोला."

"आणि मी बाहेर जाऊन ती चटई उचलली, माफ केलं म्हटलं, तर?"

"तर सगळे घरी जातील. तुमचं नाव राहील. पोरीचं जाईल."

बाहेर कुणीतरी खोकलं. ऊन खडीवर उतरायला लागलं होतं. मी उगाच गुडघा चोळत राहिलो.

मोएलागी उठली. पुडी मुठीतच होती. ती पायऱ्या उतरून खाली गेली तेव्हा गर्दी पुढे सरकली. ती चटई उचलणार असंच सगळ्यांना वाटलं. तिने चटईची कड धरली. मग वाकली, गुडघे टेकले आणि त्या दोघांच्या शेजारी चटईखाली जाऊन बसली.

"वहिनी!" दीर ओरडला. "काय चालवलंय हे? उठा! लोक बघताहेत!"

"बघू देत," चटईखालून आवाज आला. "झाकणं मी बदलली. या पोरीच्या बापाला माझ्या दारात बसायचं कारण नाही. बसायची पाळी माझी."

गर्दीत कुजबुज उठली आणि विझली. दीर पाय उचलायचा आणि पुन्हा जागीच ठेवायचा. आता चटई उचलायची कुणी? पानापाच्या घरातलं माणूसच गुन्हेगार होऊन खाली बसलेलं. असा इफोगा कुणी पाहिला नव्हता. फुआतिनोच्या बापाला तर खाली बसून राहावं की उठावं तेही कळत नव्हतं. चटई एका बाजूने थरथरत होती. ती म्हातारी रडत होती की तो, सांगता येत नाही.

तेवढ्यात दवाखान्याकडून फुआतिनो धावत आली. पायात चपला नव्हत्या. पानापाने डोळे उघडलेत, बायको कुठाय विचारतोय, एवढं ती धापा टाकत म्हणाली आणि समोरचं बघून थबकली. मी तिला काही सांगायला पुढे झालो, पण चटईखालून बाहेर आलेले पाय तिने मोजले. चार असायला हवे होते, सहा होते. सहाव्याच्या टाचेला भेगा होत्या आणि घोट्याला बाईचं लुगडं.

ती पुढे गेली. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या देखत, बावीस वर्षांच्या त्या पोरीने दोन्ही हातांनी चटई उचलली आणि घडी घालून बाजूला ठेवली. मोएलागीने मान वर केली नाही. दोन्ही तळवे वर करून, त्यातली पुडी पुढे धरून ती तशीच बसून राहिली.

फुआतिनो तिच्यासमोर खडीवर बसली. पुडी तिने काढून घेतली, मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजायला लागली.

"पाच दिवस चुकीची गोळी घेताय, आजी," ती म्हणाली. "उठा. आधी तुमचं रक्त तपासायला हवं."